जुन्या १६१२ ची एअर शोधताना: कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर

गाडी आज शेडला लावून घेतली. टाटा १६१२ ट्रक, ६९७ इंजिन, म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ एमएम बोअर, ५६७५ सीसी, टर्बो नाही, साधा इनलाईन पंप (इंजिनला दाबाने डिझेल देणारा मोठा पंप), त्याच्या कुशीला फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) आणि वर हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल भरायचा छोटा पंप). इलेक्ट्रॉनिक काहीच नाही, त्यामुळे जे काय आहे ते डोळ्यांनी आणि हातांनीच शोधायचं. गाडी कराड-चिपळूण चालते, खाली जाताना पेंड नाहीतर सिमेंट, वर येताना जांभा चिरा, म्हणजे कुंभार्ली घाट लोड घेऊनच चढायचा.

तक्रार अशी. सकाळी सेल्फ मारला की गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते, आपल्याला वाटतं झालं, आणि दहा-पंधरा सेकंदात फुसफुस करून बंद पडते. मग प्रायमर चाळीस-पन्नास वेळा दाबायचा, वरचा स्क्रू ढिला करून फेस काढायचा, मग पुन्हा चालू. हे एक. दुसरं म्हणजे घाटाच्या पायथ्याची पोफळी सोडून चढाला लागलं की कधीकधी मिसिंग सुरू होतं (एखादा सिलिंडर मधेच पेटत नाही), पिकअप जातो, ॲक्सिलरेटर दाबून काही फरक नाही, आणि मामा (गाडीवर तेच असतात, माझ्यापेक्षा जास्त वर्षं त्यांची या गाडीवर गेलीत) वळणावर चाकाला दगड लावून एअर, म्हणजे डिझेलच्या लाईनमध्ये शिरलेली हवा, काढत बसतात. लोडेड गाडी, अरुंद वळण, मागे एसटी हॉर्न देतेय. हे असं चालू ठेवायचं नाही.

मामांना विचारलं रोज होतं का, तर म्हणाले, "रोज कुठलं, कधी होतंय कधी न्हाई. परवा चढली की सरळ, बंद पडायचं नावबी घेतलं न्हाई." कधी होतं कधी नाही, हे नोंदवून ठेवतोय कारण याच्यामागे काहीतरी कारण असणारच, यंत्राला लहर येत नाही.

४ नोव्हेंबर

सकाळी थंड गाडीवर बघितलं, तक्रार तशीच्या तशी. पहिल्यांदा ही एअरच आहे की नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं) गेलंय ते पक्कं करायला मिसिंग होत असताना एकेका नोझल पाईपचा नट जरा ढिला करून ऐकलं. एखादं नोझल खराब असेल तर तेच सिलिंडर मेलेलं असतं, त्याचा नट ढिला केला की इंजिनच्या आवाजात काही बदल होत नाही. इथे तसं नव्हतं, मिसिंग फिरत होतं, आत्ता दुसरा, मग पाचवा, आणि ढिल्या नटातून डिझेलसोबत फेस येत होता. म्हणजे एअर. (नट ढिला करताना चेहरा आणि हात लांब, आणि फक्त आयडलला. नोझल पाईपातलं प्रेशर शंभरावर बार असतं, ती धार कातडीतून आत शिरते आणि वरून टाचणीएवढी जखम दिसत असली तरी आत बोट सडायची वेळ येते. असं झालंच तर लगेच दवाखाना, चोळत बसायचं नाही.)

एअर असली की काय होतं तर पंपाचा प्लंजर (आतला दट्ट्या) वर येतो, डिझेल दाबलं जात नाही, बुडबुडा दाबला जातो. बुडबुडा स्प्रिंगसारखा आकसतो, प्रेशर नोझल उघडण्यापर्यंत पोचतच नाही, तो स्ट्रोक वाया.

मग सगळी लाईन रॉकेलने धुतली, फडक्याने कोरडी केली, गाडी अर्धा तास चालवली आणि ओलं कुठे दिसतंय बघितलं. दुसऱ्या फिल्टरच्या डोक्यावरच्या एअर स्क्रूपाशी ओल होती, वायसर बदलला. बाकी टाकीपासून फीड पंपापर्यंत सगळं खडखडीत कोरडं. शेडवर आलेल्या दोघातिघांनी बघून सांगितलं की कुठे गळत तर नाही, म्हणजे पंपातच लोचा आहे, पंप उतरवा आणि खोला.

इथेच बहुतेक गाड्यांचे पैसे जातात, म्हणून नीट लिहितो. डिझेलची लाईन दोन भागांची असते. फीड पंपापासून पुढे, म्हणजे फिल्टर आणि मोठा पंप, तिथे आतून दाब असतो, तिथे जॉइंट ढिला असेल तर डिझेल बाहेर येतं आणि दिसतं. पण टाकीपासून फीड पंपापर्यंत ओढ असते, तिथलं प्रेशर बाहेरच्या हवेपेक्षा कमी. तिथे भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. उसाच्या रसाच्या ग्लासातल्या स्ट्रॉला मधेच चीर असली की रस कमी आणि हवा जास्त येते ना, पण स्ट्रॉ बाहेरून गळत नाही, तसंच. त्यात हवा डिझेलपेक्षा शंभर पटीहून जास्त पातळ, त्यामुळे ज्या फटीतून गाडी उभी असताना डिझेलचा थेंब झिरपणार नाही त्या फटीतून हवा आरामात शिरते. कोरडी लाईन म्हणजे चांगली लाईन असं सक्शनच्या बाजूला म्हणताच येत नाही. पंप उतरवणार नाही. आधी हवा डोळ्यांना दिसली पाहिजे, मग पाना.

५ नोव्हेंबर

आज छोटी कामं. टाकीच्या झाकणाचं श्वासाचं भोक बघितलं, चिखलाने बुजलं नव्हतं, तरी झाकण ढिलं ठेवून गाडी चालवून बघितली, फरक नाही. ते भोक बुजलं तर टाकीत व्हॅक्यूम होतो आणि लक्षणं जवळजवळ अशीच दिसतात, फक्त झाकण उघडताना सूं आवाज येतो, म्हणून आधी हे करून टाकायचं, पैसे लागत नाहीत. फीड पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी काढली, बराच गाळ आणि पांढरट धागे निघाले, धुऊन बसवली. पहिला फिल्टर पण बदलला. जाळी बंद असली तर फीड पंप जोरात ओढतो आणि ओढ वाढली की बारीकशी फट पण जास्त हवा घेते, शिवाय डिझेलमधली विरघळलेली हवा सुटून बुडबुडे दिसतात, ते खरे लीकचे नसतात. ही साफसफाई केल्याशिवाय पुढची टेस्ट खोटं बोलू शकते.

७ नोव्हेंबर

काल गाडी एका जवळच्या भाड्याला गेली होती, टाकी साधारण पाऊण भरलेली. आज पारदर्शक पाईप आणला, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो तोच, आतला व्यास नीपलला (पाईप ज्यावर चढवतात त्या तोंडाला) घट्ट बसेल असा. एक तुकडा फीड पंपाच्या अगदी आधी सक्शन लाईनमध्ये घातला, दोन्ही टोकांना क्लिप, क्लिपखाली जरासं ग्रीस. दुसरं म्हणजे पंपाच्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हपासून टाकीला जाणारी रिटर्न लाईन सोडवली आणि तिचं टोक डिझेलने अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या बाटलीत बुडवलं. या पंपात जास्तीचं डिझेल सतत परत टाकीत जातं आणि जाताना थोडी हवा सोबत घेऊन जातं, त्यामुळे थोडीशी लीक असली तर गाडी ती पचवते आणि आपल्याला कळतसुद्धा नाही, बाटलीत मात्र लगेच दिसते.

गाडी चालू केली. सक्शनच्या पारदर्शक तुकड्यात बुडबुड्यांची माळ. मोठे नाहीत, मोहरीएवढे, पण थांबत नाहीत. बाटलीत त्याहून जास्त. मामा वाकून बघत होते, म्हणाले, "आयला, हे तर उघड्यावरच घेतंय." इतकी वर्षं नुसती बोटांनी एअर काढली, आज पहिल्यांदा ती बघितली.

आता या दोन जागांचा अर्थ. सक्शनच्या तुकड्यात बुडबुडा दिसला म्हणजे हवा त्याच्या आधी, टाकीकडून येतेय. तुकडा स्वच्छ आणि बाटलीत मात्र बुडबुडे, म्हणजे हवा त्याच्यानंतर, फीड पंपात किंवा प्रायमरमध्ये शिरतेय. आपल्याकडे बाटलीत जास्त दिसतात, म्हणजे दोन्हीकडून येत असणार, एक लीक दुसरीला झाकतेय. एकच गोष्ट बदलून बघणाऱ्याला इथे चकवा लागतो, एक बरोबर दुरुस्त करूनही तक्रार जात नाही, मग त्याला वाटतं ते कारण नव्हतंच.

पारदर्शक तुकडा काढून टाकीच्या नीपलजवळ घातला. तिथे डिझेल काचेसारखं स्वच्छ. म्हणजे टाकीतून चांगलं निघतंय आणि चेसिसच्या लांब पाईपात कुठेतरी हवा मिसळतेय. लोखंडी पाईप हाताने चाचपला, चेसिसच्या पट्ट्यांखाली गंज खरवडून बघितला, शाबूत आहे. मग राहिले दोन रबरी जोड. इंजिनकडच्या जोडावर ग्रीसचा जाड थर थापला, फरक नाही. टाकीकडच्या जोडावर थापला आणि दोनेक मिनिटांत बुडबुडे विरळ झाले, जवळपास थांबले. ग्रीस आत ओढलं जाऊन फट बुजते, थोडा वेळच टिकतं, पण जागा दाखवून देतं. साबणाचं पाणी सक्शनच्या बाजूला कामाचं नाही, ते आत ओढलं जाईल आणि पंपात पाणी जाईल.

तो रबरी पाईप कापून उभा चिरला. बाहेरून काळा कुळकुळीत, बरा दिसत होता. आतून क्लिपखालच्या भागात कडक होऊन बारीक बारीक भेगा, नखाने दाबलं तर तुकडा पडला. रबर म्हातारं झालं की लवचिकपणा जातो, क्लिप कितीही आवळा, ते नीपलला धरत नाही. डिझेल बदललं की पण जुन्या नायट्राईल रबराला त्रास होतो, अमेरिकेत १९९३ मध्ये कमी सल्फरचं डिझेल आलं तेव्हा जुन्या गाड्यांचे सील गळायला लागले होते, कारण इतकी वर्षं जुन्या डिझेलमधल्या घटकांनी फुगून बसलेलं रबर आकसलं. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून १० पीपीएम सल्फरचं डिझेल आहे. या पाईपाला नेमकं कशाने मारलं ते मी सांगू शकत नाही, वयच पुरेसं आहे. पण जुन्या गाडीवर रबर बदलताना डिझेलचाच पाईप घ्या, पाण्याचा नको, तो डिझेलमध्ये फुगतो आणि आतला थर सुटून लाईन बंद करतो.

दोन्ही जोड नवीन टाकले. टेफ्लॉन टेप कुठेही लावली नाही आणि लावू देणार पण नाही, तिचे धागे पुढे जातात आणि फीड पंपाच्या व्हॉल्व्हखाली अडकतात.

८ नोव्हेंबर

सक्शनचा तुकडा पुन्हा फीड पंपाच्या आधी. आता स्वच्छ. बाटलीत मात्र अजून बुडबुडे, कालच्यापेक्षा कमी पण आहेत. म्हणजे दुसरी लीक उघडी पडली.

खात्रीसाठी कॅनची टेस्ट केली. वीस लिटरचा स्वच्छ कॅन, त्यातून नवा पाईप थेट फीड पंपाला, टाकी आणि चेसिस लाईन पूर्ण बाजूला. कॅन जमिनीवर ठेवला, वर केबिनमध्ये नाही, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण कॅन पंपाच्या वर ठेवला की डिझेल आपोआप खाली उतरतं, ओढ राहत नाही आणि लीक झाकली जाते. लोक कॅन टपावर बांधून गाडी चालवतात, चालते, आणि म्हणतात टाकीतच दोष. तसा निष्कर्ष निघत नाही. जमिनीवरच्या कॅनवर गाडी चालवली, बाटलीत बुडबुडे चालूच. मग फीड पंप नाहीतर प्रायमर, दुसरं काही उरलंच नाही.

प्रायमरच्या दांड्याभोवती ऑईलकॅनने ऑईल सोडलं. ऑईल हळूहळू आत गेलं आणि बुडबुडे थांबले. झालं. प्रायमर सक्शनच्या बाजूलाच बसतो, त्याच्या आतल्या पिस्टनची रिंग झिजली की तो हवेला सरळ दरवाजा. मूठ खाली दाबून फिरवून लॉक केली तर थोडं कमी व्हायचं, मामा ती कायम आवळून ठेवत होते, पण रिंगच गेल्यावर आवळून किती धरणार.

९ नोव्हेंबर

आज फीड पंप उतरवला. मोठ्या पंपाला हात नाही. पंपाचं काम करणारे तात्या गावात आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेलो, त्यांनी दोन्ही व्हॉल्व्ह काढून काचेवर घासले, स्प्रिंग बदलल्या. सक्शन व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर गाडी उभी केल्यावर डिझेल उलटं टाकीकडे उतरतं, टाकी खाली आणि पंप वर, पाण्याचा गुणधर्म तोच डिझेलचा. सकाळी पंपात आणि फिल्टरमध्ये जेवढं उरलंय तेवढ्यावर गाडी दहा-पंधरा सेकंद चालते, तेवढ्यात रिकामा कॉलम येतो आणि बंद. सकाळच्या तक्रारीचं कोडं इथे सुटलं. पण नुसता व्हॉल्व्ह खराब असून डिझेल उतरत नाही, वरून हवा आत आली तरच खालचं उतरतं, म्हणून प्रायमर आणि व्हॉल्व्ह दोन्ही दोषी.

नवीन प्रायमर बाजारातून आणला आणि बसवायच्या आधी तपासला. तोंडावर बोट दाबून मूठ वर ओढली, चांगला असेल तर मूठ सोडल्यावर परत खाली ओढली गेली पाहिजे. हा तिथेच राहिला. डिझेलच्या मगात बुडवून ओढला तर दांड्यापाशी बुडबुडे. डब्यातून काढलेला कोरा माल आणि हवा घेतोय. दुकानदाराला तिथेच करून दाखवलं, बदलून दिला, दुसरा चांगला निघाला. पार्ट नवा आहे म्हणून बरोबर आहे असं धरून बसवला असता तर पुढचे किती दिवस टाकी आणि पाईप धुंडाळण्यात गेले असते. प्रत्येकाने एवढी टेस्ट दुकानाच्या काउंटरवरच करावी असं मला मनापासून वाटतं.

बँजो बोल्टचे (डिझेलचे पाईप जोडणाऱ्या बोल्टचे) सगळे वायसर बदलले. तांब्याचे जुने वायसर एकदा दाबले गेले की कडक होतात, परत आवळल्यावर फटीत बसत नाहीत. नवे मिळत नसतील तर लालभडक तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं (लोखंडाचं उलटं, ते कडक होतं), मग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही तोंडं घासून सपाट करा. बँजोच्या तोंडावर आडवी रेघ असेल तर वायसर कितीही चांगला असो, त्या रेघेतून हवा जाणार, ती पण घासून काढली. आणि आवळताना जीव खाऊन आवळायचं नाही, बँजो बोल्ट पोकळ असतो, तुटतो.

ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह पण खोलला. आतली गोळी आणि स्प्रिंग, स्प्रिंग मेलेली, गोळीवर चट्टा. हा गॅलरीत, म्हणजे मोठ्या पंपाच्या आतल्या डिझेलच्या पोकळीत, दाब धरून ठेवतो, तो गेला तर पंप अर्धपोटी राहतो आणि लोडवर जास्त जाणवतं. काही गाड्यांवर तिथे कोणीतरी साधा बँजो बोल्ट लावलेला बघितलाय, तसं करू नका. पूर्ण व्हॉल्व्ह बदलला.

एअर काढताना क्रम पाळला. आधी पहिल्या फिल्टरचा स्क्रू, प्रायमर मारत राहायचं, फेस, मग थुंकल्यासारखं, मग सलग धार, धार चालू असतानाच स्क्रू बंद. मग दुसरा फिल्टर. मग पंपावरचा स्क्रू. मग नोझलचे नट ढिले करून सेल्फ, प्रत्येक नटातून डिझेल आलं की आवळायचं. सेल्फ सलग मारत बसायचं नाही, थोडं मारायचं, थंड होऊ द्यायचं.

सेल्फ मारला, चालू, बाटलीत एकही बुडबुडा नाही.

१० नोव्हेंबर

रात्रभर उभी होती. सकाळी एका सेल्फला चालू झाली आणि चालू राहिली. मामांनी सवयीने प्रायमरला हात घातला होता, गरज लागली नाही. टाकी फुल करून गाडी चिपळूणला पाठवली.

१३ नोव्हेंबर

फोन आला. सकाळचं स्टार्टिंग रोज बरोबर, पण आज घाटात पुन्हा तसंच. मिसिंग, पिकअप गेला, एअर काढली, वर आली. मामांच्या आवाजात वैताग होता आणि तो रास्त आहे.

मी ७ तारखेचं परत परत आठवत बसलो. टाकीच्या नीपलशी डिझेल स्वच्छ होतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय, ते खोटं नाही. मग त्या दिवशी आणि आज यात वेगळं काय. गाडीत डिझेलच्या पावत्यांचा गठ्ठा असतो, मामा एक पावती टाकत नाहीत, त्यांना फोनवरच वाचायला लावलं आणि ज्या ज्या दिवशी घाटात त्रास झाला ते दिवस समोर मांडले. प्रत्येक वेळी डिझेल भरून बरंच अंतर झालेलं होतं. आणि जेव्हा चिपळूणमध्येच डिझेल टाकून वर चढले तेव्हा गाडी सरळ आली, ती "परवा चढली की सरळ" म्हणाले होते ती फेरी धरून. ७ तारखेला टाकी पाऊण होती. आज अर्ध्याच्या खाली.

म्हणजे लीक टाकीच्या आत आहे. आतला उभा सक्शन पाईप, जो वरून टाकीत उतरतो. त्याला भोक असेल आणि भोक डिझेलखाली बुडालेलं असेल तर भोकातून पण डिझेलच आत येतं, काही बिघडत नाही. डिझेल भोकाच्या खाली गेलं की त्यातून हवा. आणि चढावर टाकीतलं डिझेल मागे सरकतं, त्यामुळे सपाटीला बुडालेलं भोक घाटात उघडं पडतं. कधी होतं कधी नाही याचं उत्तर काट्यावर होतं.

मामांना सांगितलं, येताना डिझेल टाकू नका, तसेच या.

१४ नोव्हेंबर

गाडी आली, टाकी पावाच्या आसपास. पारदर्शक तुकडा टाकीच्या नीपलला लावला, त्याच जागी जिथे ७ तारखेला काचेसारखं दिसत होतं. आता फेस. शेडच्या कॅनमधलं डिझेल टाकीत ओतत गेलो आणि एकजण तुकड्याकडे बघत बसला. काटा अर्ध्याच्या किंचित वर गेला आणि तो ओरडला, "थांबला!" दोन कॅन परत काढले, परत फेस. यापुढे शंका घ्यायला जागा नव्हती.

वरची फ्लँज खोलून पाईप बाहेर काढला. खालचं तोंड रबरी बुचाने बंद केलं, वरून हलकी हवा दिली आणि पाण्याच्या बादलीत धरला. मधोमध, जिथे तो टाकीतल्या आडव्या पत्र्याच्या भोकातून जातो, तिथून बुडबुडे. त्या पत्र्याच्या काठावर वर्षानुवर्षं घासून पाईप एका बाजूने चकचकीत पातळ झालेला आणि तिथे केसाएवढी चीर. पत्र्यात पाईप धरायला रबराची रिंग असते ती कधीच गळून पडली होती, टाकीच्या तळाशी तिचा तुकडा सापडला.

एक सांगून ठेवतो. हा पाईप बाहेर काढून, धुऊन, सुकवून मगच त्याला आग लावायची. टाकी गाडीवर असताना किंवा नुसती रिकामी केलेली असताना तिला वेल्डिंगचा रॉड लावू नका. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही हे खरं, पण रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा असते, वेल्डिंगने पत्रा तापला की ती उडते, माणसं गेलेली आहेत अशी. आणि टाकीत कॉम्प्रेसरची पूर्ण हवा भरून लीक शोधायचा प्रयत्न पण नको, पातळ पत्रा आहे, फुगून फाटतो.

१५ नोव्हेंबर

चिरेवर ब्रेझिंग करता आलं असतं, पण पातळ झालेल्या पाईपावर टाका टिकेल असं मला वाटत नाही, शेजारी दुसरी चीर जाते. लेथवाल्याकडून तेवढ्याच व्यासाचा नवा पाईप फ्लँजला ब्रेझ करून घेतला. खालचं तोंड तिरकं कापलं, म्हणजे तळाला टेकलं तरी बंद होणार नाही, आणि तळापासून साधारण इंचभर वर ठेवलं, कारण तळाला पाणी आणि गाळ बसतो, तो ओढायचा नाही. पत्र्याच्या भोकात डिझेलला टिकणाऱ्या रबराची नवीन रिंग. टाकी खालून खोलून गाळ काढला, अर्धा मग भरून काळा चिखल आणि पाणी निघालं. फ्लँजखाली नवीन गॅस्केट. पुन्हा बादलीची टेस्ट बसवायच्या आधी, एकही बुडबुडा नाही.

१८ नोव्हेंबर

टाकी मुद्दाम पावापर्यंतच ठेवली, रिटर्नच्या लाईनमध्ये पारदर्शक तुकडा घातला आणि मी स्वतः सोबत गेलो. चिपळूणला चिरा भरला. पोफळीपासून दुसऱ्या-तिसऱ्यात चढ, मधे दोनदा सपाटीला थांबवून तुकडा बघितला, स्वच्छ. घाटमाथ्यापर्यंत एकदाही मिसिंग नाही. हेळवाकला चहा, तिथे इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं, पहिल्या सेल्फला. मामांनी बिस्किटाचा पुडा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "डिझेल टाकू का आता, का अजून उपाशीच पळवायची?"

२३ नोव्हेंबर

गाडी रोज चालू आहे, फुल टाकीवर आणि कमी टाकीवर पण. पारदर्शक तुकडा काढून त्या जागी डिझेलचा रबरी पाईप टाकला, तो तुकडा टेस्टपुरताच, डिझेलमध्ये तो महिन्याभरात कडक होऊन तडकतो आणि उन्हाने पिवळा पडतो. केबिनच्या पेटीत तांब्याचे वायसर दोन मापांचे, एक हातभर डिझेल पाईप, चार क्लिप आणि तोच पारदर्शक तुकडा कागदात गुंडाळून ठेवलाय.

शिल्लक काम: नोझलच्या वरचे लीक-ऑफचे बारीक पाईप (नोझलमधून झिरपलेलं डिझेल परत नेणारे), सहापैकी दोन ठिकाणी ओल दिसते. ते रिटर्नच्या बाजूला आहेत, चालताना एअर देणार नाहीत, पण डिझेल मॅनिफोल्डजवळ ठिबकू नये म्हणून पुढच्या सर्व्हिसला सगळेच बदलणार. तात्यांनी पंप एकदा बेंचवर लावून कॅलिब्रेशन बघू म्हटलंय, धूर बघता मला आत्ता तरी गरज वाटत नाही, पाडव्याच्या आसपास कामं कमी असतात तेव्हा बघू.

शेजारच्या गोठेवाल्यांचा टाटा ४०७ उद्या येणार आहे, त्यालाही सकाळी प्रायमर मारावा लागतो म्हणे. त्यांना सांगितलंय की येताना टाकीत डिझेल किती आहे आणि त्रास नेमका कुठल्या दिवशी झाला ते कागदावर लिहून आणा.